लॉबीचा नियम

अक्षता तांबे सोसायटीची सेक्रेटरी झाली, ती दुसरं कुणीच तयार नव्हतं म्हणून. ती दादरच्या एका कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायची. "मॅडमना लिहायची-बोलायची सवय आहे," असं कुणीतरी म्हणालं, चार जणांनी माना डोलावल्या आणि विषय संपला. अध्यक्ष झाला विनीत सावंत. तो विमा कंपनीत होता आणि महिन्यातले निम्मे दिवस बाहेरगावी असायचा. त्यामुळे पाणी गेलं, लिफ्ट अडकली, कुणाच्या पार्किंगमध्ये दुसऱ्याच कुणाची गाडी उभी राहिली, की फोन अक्षतालाच.

इमारत परळची, भोईवाड्याच्या बाजूची. पूर्वी तिथे गिरणीच्या चार चाळी होत्या. तीन चाळींत कोकणातली मराठा-भंडारी मंडळी आणि चौथी चाळ बौद्धांची. असं कुठे लिहून ठेवलेलं नव्हतं, पण गिरणीचा भोंगा वाजत होता तेव्हापासून ते तसंच होतं. मग चाळी पडल्या, लोक संक्रमण शिबिरात गेले, काही जण तिथेच म्हातारे झाले, काही वाट बघून बघून वारले, आणि शेवटी त्याच जागेवर टॉवर उभा राहिला. घरं सोडतीने मिळाली. सोडतीला कुणाची चाळ कुठली ते कळत नाही. त्यामुळे चौदाव्या मजल्यावर तांब्यांच्या समोरचं दार परबांचं निघालं.

तांब्यांच्या घरात माणसं दोनच: अक्षता आणि तिचे वडील रामजी. आई संक्रमण शिबिरातच गेली. अक्षताने लग्न केलं नव्हतं आणि आता त्याचा विषयही घरात निघत नसे. समोर दीपक परब, त्याची बायको प्राची आणि आई गंगुबाई. गंगुबाईंनी उमेदीची सगळी वर्षं दुसऱ्या चाळीत खानावळ चालवली होती. पाळीवरून सुटलेले गिरणी कामगार त्यांच्याकडे पंगतीला बसत. रामजी त्याच गिरणीत, रिंग खात्यात सूत कातायला, आणि राहायला चौथ्या चाळीत. दोन चाळींमध्ये हाक मारली तर ऐकू जाईल एवढंच अंतर. पण गंगुबाईंच्या पंगतीला रामजी कधी बसले नाहीत. त्यांना कुणी नको म्हटलं नव्हतं. त्यांनीही कधी विचारलं नव्हतं.

टॉवरमध्ये आल्यावर सगळ्यांची दारं बंद झाली. गंगुबाईंचं मात्र उघडं असायचं. आल्या आल्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी अक्षताला लिफ्टपाशी गाठलं.

"काय गो, जेवलंस?"

"कॉलेजात जेवले आजी."

"कॉलेजात कसला जेवतंस! थांब." आणि काळ्या वाटाण्याच्या आमटीचं पातेलं तिच्या हातात दिलं. "बापाशीक पण दी."

रामजींनी आमटी खाल्ली, भात पुन्हा वाढून घेतला. मग पातेलं स्वतः घासलं आणि स्वतःच समोर नेऊन दिलं. तिथे ते दारातच बराच वेळ बोलत उभे राहिले. काय बोलणं झालं ते अक्षताला कळलं नाही; तिला फक्त गंगुबाईंचं मोठ्याने हसणं ऐकू आलं.

या टॉवरला खाली एक लॉबी होती. बिल्डरने ती हौसेने बांधलेली, उंच छताची, पांढऱ्या फरशीची, थंडगार. एवढी मोठी मोकळी जागा चाळवाल्यांनी स्वतःच्या मालकीची अशी कधी बघितलीच नव्हती. तिचं काय करायचं यावरून पहिल्याच वर्षी भांडणं लागली. श्रावणात काहींनी तिथे सत्यनारायण घातला. एप्रिलमध्ये चौथ्या चाळीच्या मंडळींनी जयंतीला टेबल मांडलं, स्पीकर लावला. दोन्ही वेळा वर वर सगळं गोडीत पार पडलं. मग एक दिवस भिंतीवर गणपतीची तसबीर लागली. दुसऱ्या दिवशी शेजारी बाबासाहेबांचा फोटो लागला. तिसऱ्या दिवशी कुणाची फ्रेम वर आणि कुणाची खाली यावरून दोन तरण्याताठ्या पोरांनी एकमेकांच्या कॉलरी धरल्या.

सर्वसाधारण सभा त्याच लॉबीत भरली. दोन्हीकडचे लोक तयारीनिशी आले होते. बराच आरडाओरडा झाल्यावर रामजी उठले. ते सभेत कधी बोलत नसत, म्हणून लोक गप्प झाले.

"गावाला आमची विहीर वेगळी," ते म्हणाले. "गिरणीत पाण्याचा माठ वेगळा. चाळ वेगळी, पण ती आमची होती, तिथे मी राजा. आता मी रोज संध्याकाळी या लॉबीत पेपर वाचत बसतो. ही जागा तुमची नाही, आमची नाही. जन्मात पहिल्यांदा अशा जागेत बसतोय. मला ती अशीच पाहिजे. भिंतीवर काही नको. तुमचा देव नको आणि आमचे बाबासाहेबही नकोत. ते माझ्या घरात आहेत, नीट आहेत."

चौथ्या चाळीच्या मंडळींत चुळबुळ झाली. आपल्यातलाच माणूस असं बोलेल हे कुणाच्या मनात नव्हतं. तेवढ्यात गौतम कासारे उभे राहिले. कासारे म्हणजे चौथ्या चाळीतला सगळ्यांत शिकलेला माणूस, म्युनिसिपल शाळेतले निवृत्त शिक्षक. अर्ध्या चाळीतली पोरं त्यांच्या दारात बसून गणित शिकली होती, अक्षताही. "रामजीचं बरोबर आहे," ते म्हणाले. "माझं अनुमोदन."

मग तिकडच्या बाजूलाही माघार घ्यायला निमित्त मिळालं. लॉबीत कसलाही धार्मिक किंवा घरगुती कार्यक्रम होणार नाही, असा नियम एकमताने झाला. अक्षताने तो लिहिला. तिला स्वतःला तो फार आवडला. वर्गात ती जे शिकवायची, त्यातलं काहीतरी आपल्या घराखाली खरोखर घडलंय असं तिला वाटलं.

त्याच वर्षी हिवाळ्यात कासारे मास्तर गेले. हॉस्पिटलमध्येच गेले आणि तिथूनच त्यांना भोईवाड्याच्या स्मशानात नेलं. त्यांचा मुलगा सम्यक एका बँकेत कॉम्प्युटरचं काम बघायचा. लहानपणापासून तो अक्षताला ताई म्हणायचा. तिसऱ्या दिवशी तो तिच्याकडे आला.

"ताई, रविवारी बाबांचं पुण्यानुमोदन आहे, शोकसभाच. भंते येतील. बाबांचे विद्यार्थीच शंभर-दीडशे होतील. घरात वीस माणसं पण मावत नाहीत. दोन तास लॉबी दे."

रामजी आतल्या खोलीत होते, पण बाहेर आले नाहीत.

"सम्यक, नियम आहे रे."

"माहितीय. म्हणून तर विचारायला आलो. नाहीतर आधी खुर्च्याच टाकल्या असत्या."

"आज तुला दिली तर उद्या सत्यनारायणवाल्यांना कुठल्या तोंडाने नाही म्हणू? म्हणतील, स्वतःच्या माणसाला दिली." ती थांबली. "आणि अनुमोदन काकांचंच होतं."

सम्यकने तिच्याकडे बघितलं. "हां. ते पण आहेच," तो म्हणाला आणि उठला.

कार्यक्रम लालबागच्या एका हॉलमध्ये झाला. अक्षता मागच्या रांगेत बसली. हॉल पहिल्या मजल्यावर होता, जिना चढा. चौथ्या चाळीच्या म्हाताऱ्या बायकांपैकी बऱ्याच जणी आल्याच नव्हत्या. सम्यकची आई सुंदराबाई पुढे एकटीच बसली होती, आणि तिच्या बरोबरीच्या बायकांसाठी ठेवलेल्या खुर्च्या रिकाम्या होत्या. अक्षताने ते बघितलं. आपण केलं ते योग्यच केलं, असं तिने स्वतःला बजावलं. ते तिला परत परत बजावावं लागत होतं, हेही तिच्या लक्षात आलं.

पुढच्या सत्रात तिच्याकडे एफ.वाय.ला व्यक्ती आणि समाज हा भाग शिकवायला होता. ती वर्गात सांगत होती की आधुनिक माणसाची तक्रार अशी की समाज परका वाटतो. कायदे, कचेऱ्या, नियम हे सगळं कुणीतरी दुसऱ्यानेच केलेलं आणि आपल्यावर लादलेलं. आणि काही विचारवंतांचं उत्तर असं की, नीट बघितलं तर त्या नियमांच्या मागे आपलीच इच्छा, आपलीच बुद्धी सापडते. तशी ती सापडली की माणूस समाजात घरच्यासारखा राहू शकतो.

अनुजा नावाची मुलगी पहिल्या बाकावर बसायची. तिने हात वर केला.

"मॅडम, आणि नाही सापडली तर?"

"तर तो नियम बदलायला हवा."

"आणि नियम बरोबर असेल, आपल्यालाही पटलेला असेल, पण त्याने आपलंच माणूस दुखावलं तर?"

वर्ग हसला. प्रश्न प्रेमप्रकरणातला वाटला असावा. अक्षता मात्र हसली नाही. "याचं चांगलं उत्तर माझ्याकडे नाही," ती म्हणाली. मुलांनी तेवढ्यापुरतं लिहिणं थांबवलं.

मे महिन्यात एका सकाळी गंगुबाई गेल्या. झोपेतच गेल्या. प्राची चहा घेऊन गेली तेव्हा अंग गार पडलेलं होतं. तिची किंकाळी ऐकून अक्षता आणि रामजी धावले. डॉक्टर आले, कागद झाला, फोन गेले. दीपकची बहीण सावंतवाडीहून निघाली होती. ती येईपर्यंत थांबायचं ठरलं.

तोवर माणसं जमू लागली. गंगुबाईंचं नाव मोठं. खानावळीत जेवलेले म्हातारे लालबागहून, शिवडीहून, डोंबिवलीहून येत होते. चौदाव्या मजल्यावरचा पॅसेज दोन माणसं जेमतेम शेजारी चालतील एवढा. एक लिफ्ट बंद होती. दुसरीसाठी खाली रांग लागली. रांगेतच एका म्हाताऱ्याला चक्कर आली. स्ट्रेचरची मोठी लिफ्ट होती, पण ती खाली कचऱ्याच्या खोलीपाशी उघडायची. परबांच्या घरात उकाडा, रडारड, उदबत्त्यांचा धूर, आणि पॅसेजमधल्या माणसांना आत यायला जागा नाही.

दीपक बाहेर आला. त्याचा शर्ट घामाने पाठीला चिकटला होता.

"मॅडम," तो म्हणाला, "नियम मला माहितीय. मी भांडत नाही. गेटच्या बाहेर फुटपाथवर मांडव टाकतो आणि तिथे ठेवतो आईला. फक्त वॉचमनला सांगा, गाड्या जरा तिकडनं काढायला लावेल."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता, टोमणाही नव्हता. तो खरंच परवानगी मागत होता. स्वतःच्या इमारतीच्या दारात, स्वतःच्या आईला फुटपाथवर ठेवायची.

अक्षताने विनीतला फोन लावला. तो नाशिकला होता. "अरे देवा," तो म्हणाला. "तू बघ ना. तू सेक्रेटरी आहेस. तू जे करशील ते मला मान्य."

तिने फोन ठेवला. "फुटपाथवर नाही," ती दीपकला म्हणाली. "लॉबीत ठेवू."

खजिनदार रघु मयेकर तिथेच उभा होता. तो हळूच तिच्या कानाशी आला. "मॅडम, उद्या लोक बोलतील हां."

"बोलू देत."

रामजी तेवढ्यात पायात चपला सरकवून निघाले होते. अक्षता खाली पोचली तेव्हा त्यांनी वॉचमनला हाताशी धरून लॉबीतला बाक भिंतीकडे सरकवला होता आणि ते फरशी पुसून घेत होते. सतरंजी आली, चटई आली. गंगुबाईंना मोठ्या लिफ्टने खाली आणलं. निळं लुगडं, कपाळ मोकळं, चेहरा नेहमीसारखाच, आता विचारतील जेवलास काय असा. बायका भोवती बसल्या. मडक्यातला विस्तव मात्र पोर्चमध्येच ठेवला, कारण आत धूर झाला असता तर फायर अलार्म वाजला असता. रांग लागली, लोक पाया पडून पुढे गेले. चौथ्या चाळीच्या म्हाताऱ्या लिफ्टने आपापल्या मजल्यावरून सहज उतरल्या आणि परब-मयेकरांच्या बायकांना टेकून बसल्या. सुंदराबाईही आली. तिने गंगुबाईंचे पाय चेपल्यासारखे धरले आणि बराच वेळ सोडले नाहीत.

सम्यक बाहेरून येत होता. काचेच्या दारातून त्याने आत बघितलं आणि थबकला. मग त्याने बूट काढले, आत आला, गंगुबाईंच्या पायांशी हात जोडले, आईच्या खांद्यावर हात ठेवला. जाताना तो अक्षताच्या अगदी जवळून गेला आणि त्याने लिफ्टचं बटण दाबलं.

तो संध्याकाळी तांब्यांकडे आला. रामजी खुर्चीत बसले होते, त्यांच्यासमोरच बसला.

"ताई, एक सांग. राग नको मानू."

"बोल."

"तू आज केलंस ते बरोबरच केलंस. फुटपाथवर ठेवलं असतंस तर मीच भांडलो असतो. मी लहान असताना तिने मला किती वेळा हाक मारून खाऊ दिलाय." तो खुर्चीत पुढे सरकला. "पण मग माझ्या बाबांच्या वेळी काय झालं होतं? माझी आई त्या हॉलमध्ये एकटी बसली होती. शेजारी सांत्वनाला कोण नाही. तेव्हा तू मला नियम सांगितलास. आज सांगितला नाहीस. का?"

अक्षताने उत्तर जुळवायला सुरुवात केली. ही अचानक आलेली वेळ होती. तो ठरवून केलेला कार्यक्रम होता. मृतदेह ठेवणं म्हणजे कार्यक्रम नव्हे. वाक्यं तयार झाली आणि तिला स्वतःलाच ती वकिली वाटली.

"तू आपला होतास म्हणून," ती म्हणाली. "तू समजून घेशील असं वाटलं. आणि तुला दिली असती तर लोक म्हणाले असते, हिने आपल्या लोकांना दिली. मला ते नको होतं."

"म्हणजे आपल्या माणसाला नियम आणि त्यांना माया?"

"हो. तसंच झालं."

एवढं सरळ कबूल होईल याची सम्यकला अपेक्षा नसावी. "चांगलंय," तो शेवटी म्हणाला. "निदान खोटं नाही बोललीस." आणि गेला.

"मी राजीनामा देते अण्णा," दार बंद झाल्यावर अक्षता म्हणाली.

"कशाला?"

"मी नियम मोडला. आणि पाळला तोही चुकीच्या माणसावर पाळला."

"मग राजीनाम्याने काय होणार? दुसरा कोणतरी येणार, त्याच्याकडे पण माणसं मरणार," रामजी म्हणाले. "मीटिंग बोलाव. सगळ्यांसमोर सांग. तुझ्या एकटीचं ओझं आहे का ते?"

सभा जूनमध्ये झाली. अक्षताने आडपडदा न ठेवता सांगितलं: कासारेकाकांच्या वेळी मी नियम पाळला, गंगुबाईंच्या वेळी मोडला, आणि दोन्ही निर्णय माझे एकटीचे होते. नियम आहे तसा ठेवायचा असेल तर मी चुकले, तसं नोंदवा. बदलायचा असेल तर आता बदला.

दीपक उठला, त्याचा चेहरा पडलेला होता. "आमच्यामुळे झालं हे," तो म्हणाला. प्राचीने त्याला हात धरून खाली बसवलं. "आमच्यामुळे कशाला? माणूस गेलं की जागा लागते. चाळीत पटांगण होतं, इथे नाही. एवढाच विषय आहे." तिने सुंदराबाईंकडे बघितलं. "आणि कासारेकाकूंना तेव्हा जागा मिळाली नाही, ते आम्हाला कुणालाच दिसलं नाही. आम्ही वरच होतो, आमच्या घरात. कुणी एकाने म्हटलं असतं की द्या लॉबी, आमची हरकत नाही, तर मॅडमनी दिली असती. आम्ही कुणी म्हटलं नाही."

हे बोलणं कुणालाच अपेक्षित नव्हतं. मागे कुणाच्या तरी मोबाइलची रिंग वाजली आणि घाईघाईने बंद झाली.

रघु मयेकरने सुचवलं की घरात मृत्यू झाला तर त्या कुटुंबाला लॉबी मिळावी, शेवटच्या दर्शनाला आणि नंतरच्या शोकसभेला, ज्याच्या त्याच्या रीतीप्रमाणे. बाकी काही नाही. बऱ्याच जणांनी होकार दिला. तेव्हा रामजी उभे राहिले.

"माझा विरोध आहे."

लोक वळून बघू लागले. गंगुबाईंसाठी बाक सरकवताना त्यांना अर्ध्या इमारतीने बघितलं होतं.

"त्या दिवशी मी फरशी पुसली," रामजी म्हणाले. "परत वेळ आली तर परत पुसेन. नियम असला तरी पुसेन. पण नियम बदलू नका. मोकळी जागा मोकळी ठेवायला लई त्रास पडतो. एकदा एका कारणासाठी दिली की दहा कारणं येतात. वेळप्रसंगाला माणसं बघून घेतील की. त्या दिवशी घेतलंच ना?"

सम्यक मागच्या बाजूला भिंतीला टेकून उभा होता. तो दोन पावलं पुढे आला.

"अण्णा, त्या दिवशी घेतलं. माझ्या वेळी नाही घेतलं," तो म्हणाला. "तुम्ही फरशी पुसाल, मला खात्री आहे. पण उद्या तुम्ही नसाल. ताई सेक्रेटरी नसेल. जो असेल त्याला मी आवडेन की नाही, माहीत नाही. मला कुणाच्या चांगुलपणावर राहायचं नाही. मला माझा हक्क लिहिलेला पाहिजे."

रामजींनी मान हलवली. पटलं म्हणून की ऐकलं म्हणून, ते कळलं नाही. मतदान झालं. सगळे हात वर गेले, रामजींचा सोडून. विनीत हसत म्हणाला, "अण्णा, एकमताने लिहू का? तेवढीच शोभा येईल."

"नाही," रामजी म्हणाले. "विरोधात एक. नाव लिहा."

अक्षताने लिहिलं.

घरी आल्यावर तिने चहा टाकला. रामजी खिडकीशी उभे होते. खाली सम्यक आणि रघु गेटपाशी बोलत होते.

"वाईट वाटलं?" तिने विचारलं.

"कशाचं?"

"हरलात ना."

रामजींनी कप हातात घेतला. "माझा बाप," ते म्हणाले, "गावकीची सभा बसली की लांब उभा राहायचा. काय ठरलं ते नंतर ओरडून सांगायचे. त्याला कधी हात वर करायला मिळाला नाही. मग हरणार कसा? जिंकला पण नाही, हरला पण नाही. मी आज हात खाली ठेवला आणि माझं नाव लिहिलं गेलं. मला ते चालतंय." त्यांनी चहाचा घोट घेतला. "पण तुम्ही लोकांनी चूक केलीत हां. ते मी अजून म्हणतो."

"म्हणा."

"म्हणणारच."

डिसेंबरात कासारे मास्तरांचा पहिला स्मृतिदिन आला. अक्षता स्वतः सम्यकच्या घरी गेली आणि लॉबीबद्दल विचारलं. "बघतो," तो म्हणाला, आणि दोन दिवस काही कळवलं नाही. तिसऱ्या दिवशी त्याने सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं: रविवारी सकाळी लॉबीत, सर्वांनी यावे. खुर्च्या प्राची आणि रघुने मांडल्या. भंतेंनी त्रिसरण-पंचशील दिलं. सुंदराबाई पुढे बसली होती आणि तिच्या दोन्ही बाजूंना, मागे, सगळीकडे बायका होत्या. मास्तरांचे जुने विद्यार्थी उठून उठून बोलले. एक टॅक्सीवाला, एक डॉक्टर, एक नुसताच रडून खाली बसला. रामजी पहिल्या रांगेत होते. सम्यकने त्यांनाही बोलायला सांगितलं. ते उभे राहिले आणि म्हणाले की गौतम माझ्यापेक्षा लहान, पण गिरणी बंद पडली तेव्हा माझा अर्ज इंग्रजीत त्यानेच लिहून दिला होता, आणि त्या अर्जात माझं वय त्याने पाच वर्षांनी कमी लिहिलं. सगळे हसले. सुंदराबाई सगळ्यांत जास्त हसली.

कार्यक्रम संपल्यावर अक्षता खुर्च्या एकात एक घालत होती. सम्यक मदतीला आला.

"मार्चमध्ये निवडणूक आहे ना?" त्याने विचारलं.

"हो. मी परत उभी राहत नाही. पुरे झालं."

"मी राहू का?"

तिने खुर्ची खाली ठेवली. "तू? तुला वेळ आहे?"

"वेळ कुणाला असतो? पण बाहेरनं बोलणं सोपं आहे ताई. मला पण बघायचंय, कुणाला नाही म्हणताना कसं वाटतं ते."

"वाईट वाटतं."

"बघू ना."

मार्चमध्ये तो बिनविरोध निवडून आला, कारण दुसरं कुणीच तयार नव्हतं. पहिल्याच आठवड्यात त्याच्याकडे लेखी तक्रार आली. कुणीतरी बाराव्या मजल्याच्या जिन्यात कोलंबीचे सोडे वाळत घालतं आणि त्याचा वास वरपर्यंत येतो. खाली सही होती: रामजी तांबे, चौदावा मजला. सम्यकने ती दोनदा वाचली, बाराव्या मजल्यावर गेला, आणि बघतो तर सोडे त्याच्याच आईचे होते.